दोन आठांचे चार

लग्न होऊन मी धंतोलीतल्या घरी आले तेव्हा तिथे एक नियम होता. सुनेनं सासऱ्यांशी थेट बोलायचं नाही. हा नियम कुणी केला ते कुणालाच सांगता येत नव्हतं, पण पाळत सगळे होते. मामंजी समोरच पाटावर बसलेले असत. तरी मी सासूबाईंना म्हणायची, "मामंजींना सांगा, अंघोळीचं पाणी तापलं." सासूबाई हातभर अंतरावरच्या मामंजींना सांगत, "पाणी तापलं म्हणते." मामंजी त्यांना म्हणत, "येतो म्हणावं." सासूबाई माझ्याकडे वळत, "येतो म्हणतात." मामंजींना ऐकू चांगलं येत होतं आणि मी काही मुकी नव्हते, पण निरोप त्याच वाटेनं जायचा.

मामंजी बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले होते. उभी हयात पूल आणि रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या मोऱ्या बांधण्यात गेली, त्यामुळे घरातली प्रत्येक वस्तू पुराला टिकेल अशी असावी असा त्यांचा आग्रह असे. आमचे हे शाळेत भूगोल शिकवायचे, आणि शाळा सुटली की हवाईयन गिटार वाजवायचे. ही गिटार मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या आणि डाव्या हातात लोखंडी कांडी धरून ती तारांवरून सरकवायची. सूर लांबत, घसरत, लाडात आल्यासारखे निघत. मला ते फार आवडायचं. मामंजी ओसरीवरून म्हणायचे, "झाली का इस्त्री?" बापलेकांमधलं संगीतावरचं संभाषण एवढंच.

दुसरं महायुद्ध संपून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. सासूबाई गल्लीतल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या, आणि संक्रांतीचं मोठं हळदीकुंकू दरवर्षी आमच्याकडे असे. मागच्या संक्रांतीला ह्यांनी बायकांसमोर गिटार वाजवली होती. पण बायकांनी बोलणं थांबवलं नाही आणि गिटार कुणाला ऐकू गेली नाही. वाजवणं संपल्यावर एका बाईंनी ह्यांना विचारलं होतं, "आता सुरू करणार ना?" ते ह्यांच्या जिव्हारी लागलं होतं.

म्हणून अजनीच्या रेल्वे वसाहतीतल्या एका गार्डसाहेबांनी जेव्हा ह्यांना आपलं ॲम्प्लिफायर देऊ केलं, तेव्हा हे सायकलवरून उडतच गेले. गार्डसाहेब अँग्लो-इंडियन, मिशाळ गृहस्थ. रेल्वेच्या क्लबात नाचाच्या बँडमध्ये वाजवायचे. नोकरी संपली, आता मद्रासला लेकीकडे जायचं होतं. त्यांनी गिटारच्या पोटाला चिकटवायची, तारांचा आवाज टिपणारी एक डबी दिली, आणि लोखंडी पत्र्याचं, वर काचेचे व्हॉल्व्ह असलेलं ते जड यंत्र दिलं. स्पीकरची पेटी मात्र क्लबाची होती, ती क्लबातच राहिली.

"एक बात याद रखना, मास्टर," गार्डसाहेबांनी बजावलं होतं. "स्पीकर लगाए बिना इसको चालू नहीं करना. और पीछे का नंबर देखके लगाना. गलत लगाया तो ये गाएगा नहीं, जलेगा."

हे घरी आले ते फक्त 'गाएगा' एवढंच लक्षात ठेवून.

यंत्राच्या मागे तीन भोकं होती. त्यांच्यावर ४, ८ आणि १६ असे आकडे होते. सीताबर्डीवरच्या एका रेडिओच्या दुकानातून ह्यांनी दोन सारखे स्पीकर आणले. दुकानदारानं दोन्हींच्या पाठीवर तांबड्या रंगात ८ असा आकडा घातलेला होता. एकाऐवजी दोन कशाला, असं मी विचारलं. हे म्हणाले, "बायका किती येतात माहीत आहे ना?"

पेटी ह्यांनी स्वतःच बनवली. संत्र्यांचे दिवस होते. मागल्या दारी संत्र्यांची खोकी पडली होती. त्यांच्याच फळ्या काढून, खिळे सरळ करून ह्यांनी दोन दिवस ठोकठोक केली. पेटी तयार झाली, स्पीकर आत बसले, पण यंत्राला जोडण्याआधीच तिनं आवाज करायला सुरुवात केली. उचलली की करकर, ठेवली की खुळखुळ.

मामंजी ओसरीवरून उठून आले. पेटीला एक टिचकी मारली. एक फळी निघाली.

"हे काय आहे?" त्यांनी सासूबाईंना विचारलं. लेक शेजारीच उभा होता, पण रागावलेले असले की तेही सासूबाईंमार्फतच बोलत.

"पेटी आहे म्हणतो."

"पेटी? ह्याच्यात संत्रीसुद्धा कळमेश्वरपर्यंत टिकायची नाहीत. त्याला म्हणावं, बाजूला हो."

आणि मग एक नवलच झालं. माळ्यावर सागवानाच्या जाड फळ्या होत्या. मामंजींनी त्या कितीतरी वर्षं कशासाठी तरी राखून ठेवल्या होत्या, कशासाठी ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या खाली आल्या. करवत, रंधा, पटाशी निघाली. मामंजी सकाळी चहा घेऊन बसायचे ते जेवायला हाक मारावी लागायची. हे शाळेतून आले की त्यांच्यासमोर फळी धरून उभे राहायचे. "सरळ धर. अजून सरळ. भूगोल शिकवतोस ना? क्षितिज कसं असतं?" असं चालायचं. ज्या दोघांचं बोलणं एका वाक्यात संपायचं ते दोघं आता जेवतानाही सांध्यांवर बोलत होते. सासूबाई माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "चांगलं आहे वं. मले जरा सुट्टी मिळाली."

पेटी अशी झाली की तिच्यावरून बैलगाडी गेली असती. दोन माणसं लागायची हलवायला. फक्त स्पीकरच्या तोंडावर लावायला विरळ कापड हवं होतं. आमच्याकडे महाल वस्तीतल्या एका कोष्ट्यांच्या घरची म्हातारी लुगडी घेऊन यायची. घरी माग, हात कामाला लागलेले, आणि जीभ हातांपेक्षा जास्त चालायची. सासूबाईंची ती मैत्रीणच होती. तिला मी पेटी दाखवून कापड मागितलं.

"काहून वं?" ती म्हणाली. "पेटीले लुगडं नेसवून राहिली का?"

"आवाज बाहेर आला पाहिजे, आजी. म्हणून विरळ हवं."

"आवाज बाहेर याले कापड लागत नाही, माय. माह्या सुनेले पाह्य." पण दोन दिवसांनी तिनं पातळ सुताचं कापड आणलं, आणि त्याला बारीक तांबडा काठही घातला होता. "उघडंनागडं बरं दिसत नाही," एवढंच बोलली.

हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी दुपारी हे तालमीला बसले. मामंजी खुर्ची टाकून पेटीसमोर, जसे काही पुलावरून पहिली गाडी जाणार आहे. आम्ही दोघी स्वयंपाकघरात तिळगुळाच्या लाडवांचा पाक करत होतो.

पहिला सूर आला आणि सासूबाईंच्या हातातला झारा थांबला. गिटारचा तो आवाज नव्हता. घशात फोड झालेल्या माणसानं अंगाई म्हणावी तसं काहीतरी फरफरत, गुरगुरत येत होतं, आणि फार मोठंही नव्हतं. बाहेरून मामंजींचा आवाज आला, "मोठं कर." मग ह्यांचा, "केलंय." मग पुन्हा फरफर.

थोड्या वेळानं सासूबाईंनी नाक वर केलं. "सूनबाई! पाक लागला!"

"नाही हो, आत्ता तर गूळ विरघळतोय."

"लागला म्हणते ना मी. करपट वास येऊन राहिला!" आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी कढई खाली उतरवली. मी वाकून पाहिलं. पाक कच्चा होता, सोनेरी होता, आणि अगदी निर्दोष होता. तरी वास येत होता, आणि तो गुळाचा नव्हता. मेणबत्ती विझवल्यावर येतो तसा, त्यात थोडं डांबर मिसळल्यासारखा.

मी पदर सावरून ओसरीच्या दाराशी गेले. यंत्राच्या व्हॉल्व्हच्या आतला काळा पत्रा मधोमध लालसर दिसत होता. बाजूच्या लोखंडी ठोकळ्यातून मेणासारखा एक थेंब ओघळून खाली आला होता. ह्यांनी डोळे मिटले होते आणि ते तल्लीन होऊन वाजवत होते. मामंजी पेटीचा सांधा तपासत होते.

"बंद करा!" मी ओरडले.

हे वाक्य मी नेमकं कुणाला म्हणाले ते ठरवता येत नव्हतं, त्यामुळे नियम मोडला की नाही हेही ठरवता येत नव्हतं. पण ह्यांनी बटण फिरवलं. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी दारामागे सरकले.

आता हे सांगायला हवं की लग्नाआधी मी अमरावतीला इंटर सायन्सपर्यंत शिकले होते. विजेचे पाठ मला फार आवडायचे, आणि त्यातही जोडणीची गणितं. ते ४, ८, १६ म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, हे मला ठाऊक होतं. दारामागून मला पेटीची मागची बाजू दिसत होती. ह्यांनी यंत्रातून निघालेल्या दोन तारा पहिल्या स्पीकरच्या दोन टोकांना जोडल्या होत्या, आणि त्याच टोकांवरून दुसऱ्या तारा दुसऱ्या स्पीकरला नेल्या होत्या. आणि यंत्रामागे खुंटी घातली होती ती सोळाच्या भोकात.

"तुम्ही सोळात का लावलं?" मी ह्यांना विचारलं.

"दोन स्पीकर, प्रत्येकी आठ. आठ दुणे सोळा," हे म्हणाले. भूगोलाच्या मास्तरांनी पाढा बरोबर म्हटला होता.

मामंजींनी सासूबाईंना विचारलं, "ती काय म्हणते?"

सासूबाई हातात झारा घेऊन माझ्या आणि त्यांच्या मधे उभ्या होत्या. मी हळू आवाजात म्हणाले, "मामंजींना सांगा, असे जोडले तर दोन आठांचे सोळा होत नाहीत, चार होतात."

सासूबाई वळल्या. "ती म्हणते, दोन आठ म्हणजे चार."

मामंजींनी विचारलं, "कोणत्या शाळेत?"

"अमरावतीला," सासूबाईंनी मला न विचारताच सांगून टाकलं.

"तिला म्हणावं, पुन्हा मोज."

"सांगा ना त्यांना," मी म्हणाले, "उद्या ऐंशी बायका ह्या घरातून निघाल्या आणि दार एकच असलं तर केवढा अडथळा होईल! पण तसंच दुसरं दार शेजारी उघडलं तर अडथळा निम्मा होईल. दार वाढलं की अडथळा वाढत नाही, कमी होतो. तारा शेजारी शेजारी जोडल्या आहेत, म्हणजे दोन दारं उघडली. आठाचे निम्मे चार. आणि यंत्राला सांगितलंय सोळा. म्हणजे त्याला वाटतंय अडथळा चौपट आहे. ते सगळं बळ लावून ढकलतंय आणि समोर अडवायलाच कुणी नाही. म्हणून ते तापतंय."

सासूबाईंनी हे सगळं अगदी लक्ष देऊन ऐकलं. मग मामंजींकडे वळून म्हणाल्या, "ती म्हणते उद्या ऐंशी बायका येणार, मागचं दारही उघडं ठेवा. नाहीतर यंत्र तापेल."

हे खो खो हसायला लागले. मामंजींना मात्र हसू आलं नाही. त्यांनी एकदा सासूबाईंकडे पाहिलं, एकदा यंत्राकडे, आणि मग दाराच्या फटीतून सरळ माझ्याकडे.

"तू," ते म्हणाले. "इकडे ये. आणि तूच सांग."

सासूबाईंनी झारा माझ्या हातातून काढून घेतला. खरं तर तो माझ्या हातात नव्हता, त्यांच्याच हातात होता, पण त्यांनी काहीतरी काढून घेतल्यासारखं केलं आणि त्या बाजूला झाल्या. मी ओसरीवर आले. मी पेटीमागे बसून बोट ठेवून दाखवलं, ही तार इथून इथे, ही इथून इथे. मामंजींनी गुडघे टेकून पाहिलं. आयुष्यभर पाण्याला वाट काढून देणाऱ्या माणसाला ते समजायला वेळ लागला नाही.

"म्हणजे एका नाल्याला दोन मोऱ्या," ते म्हणाले.

"हो."

"मग असं सांगायचं ना आधी! बायका कशाला मधे आणल्या?"

यंत्र गार होईपर्यंत आम्ही थांबलो. मामंजींनी तोवर सगळ्या तारा काढून पुन्हा सरळ, काटकोनात, खात्याच्या शिस्तीनं जोडल्या. मी खुंटी चारच्या भोकात घातली. हे वाजवायला लागले. फरफर गेली होती. सूर गोड, स्वच्छ आला, आणि वासही नव्हता. पण आवाज कसासाच, पातळ, जाड तारा तर वाजतच नव्हत्या असं वाटलं. सर्दी झाल्यासारखा.

"आता काय?" मामंजींनी विचारलं. मला. थेट.

मला नीट माहीत नव्हतं. तसं मी सांगितलं. मग सुचलं की दोन्ही स्पीकर एकमेकांच्या उलट तर चालत नाहीत? एक पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जात असेल तर दोघं एकमेकांचं केलेलं पुसून टाकणार. मामंजींनी आपल्या बॅटरीतला सेल काढला. तारा यंत्रातून सोडवल्या आणि त्यांच्या टोकांना सेल टेकवून पाहिला. पहिला स्पीकर टक् करून पुढे आला. दुसरा टक् करून आत गेला.

"ही माझ्याच हातची चूक," मामंजी म्हणाले, आणि मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं. एका स्पीकरच्या तारा अदलाबदल केल्या. ह्यांनी सर्वात जाड तार छेडली तेव्हा खिडकीच्या तावदानांनी दाद दिली, आणि शेजारच्या घरातून कुणीतरी "कोण आलं?" असं ओरडलं.

एकच नुकसान झालं. कच्च्या पाकाचे लाडू वळलेच नाहीत. सासूबाईंनी शेवटी ते तिळगूळ वाट्यांत भरले आणि सोबत चमचे ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगितलं की शहरात आता असंच देतात.

हळदीकुंकवाला अंगण भरलं. हे अर्ध्या पडद्याआड गिटार घेऊन बसले. मामंजींना बायकांच्या कार्यक्रमात जागा नव्हती, म्हणून ते मधल्या खोलीत विजेच्या बटणाशी, वाळूची बादली घेऊन बसले होते. दर थोड्या वेळानं ते पडद्यातून हात घालून यंत्राच्या ठोकळ्याला तळवा लावत, जसं तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावं. मग मला विचारत, "कोमट आहे. चालेल?" मी मान डोलवायची.

हे वाजवू लागले. आवाज अंगणभर, रस्त्यापर्यंत गेला. आणि बायकांनी काय केलं? त्या बोलतच होत्या. फक्त गिटारवरून ऐकू जावं म्हणून आता मोठ्यानं बोलू लागल्या. ह्यांनी आवाज वाढवला. बायकांनीही वाढवला. कोणाच्या सुनेला काय झालं, कुणाच्या भाच्याला सावनेरला कुठलं स्थळ आलं, सगळं रस्त्यापलीकडे कळत होतं. ह्यांचा चेहरा पडत चालला. शेवटी त्यांनी कांडी तारांवरून उचलली आणि वाजवणं सोडून दिलं.

एकदम शांतता झाली. सगळ्या बायका पडद्याकडे वळल्या.

महालातली म्हातारी पुढच्याच रांगेत, आपल्या तांबड्या काठाच्या कापडासमोर बसली होती. ती म्हणाली, "काहून थांबला गा? चांगलं वाजवून राहिला होता. आमी ऐकून राहिलो ना!"

"तुम्ही बोलत होता, आजी," हे पडद्यामागून म्हणाले.

"मंग? ऐकाले कान लागते, बोलाले तोंड. दोन्ही देवानं येगयेगळे देले. वाजव तू!"

बाकीच्याही म्हणाल्या, वाजवा, वाजवा. ह्यांनी पुन्हा सुरू केलं. बायकांनीही पुन्हा सुरू केलं. पण ह्यावेळी मी पाहिलं, कितीतरी जणींची बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती, आणि अध्यक्षीणबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, कुंकू लावता लावता मानेनं ताल देत होत्या. एकीच्या कुंकवाची टिकली त्यामुळे भुवईवर गेली. निघताना बायका ह्यांना म्हणाल्या, "छान वाजवलंत." म्हातारी मात्र पेटीजवळ थांबली, कापडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "काठ उठून दिसला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळीचं पाणी तापवलं आणि सवयीनं सासूबाईंकडे वळले. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मले काय सांगते? ते काय तिथे बसले आहेत."

मी ओसरीवर गेले. "मामंजी, पाणी तापलंय."

"बरं." ते उठले, दोन पावलं गेले आणि थांबले. "इंटरच्या पुढे काहून नाही शिकलीस?"

"लग्न झालं."

ते अंघोळीला गेले. पण अंघोळ करून आले आणि ओल्या अंगानंच सासूबाईंना म्हणाले, "जूनमध्ये कॉलेज उघडतं." सासूबाई म्हणाल्या, "मग मला काय सांगता? तिला सांगा."

जूनमध्ये मी बी.एस्सी.ला जाऊ लागले. टांग्यात पुढे मामंजी, मागे मी. पहिले काही महिने ते फाटकाबाहेर झाडाखाली वर्तमानपत्र वाचत बसायचे. शिपायानं एकदा विचारलं, "बाबूजी, आपका लड़का यहाँ पढ़ता है?" ते म्हणाले, "नहीं, मेरी बहू पढ़ती है," आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घातलं. संध्याकाळी जेवताना ते मला विचारायचे, आज काय शिकवलं. मी सांगायची. प्रकाशाच्या परावर्तनावर ते तीन दिवस माझ्याशी भांडले. हे मधे पडायला गेले तर दोघांनी मिळून त्यांना गप्प केलं. सासूबाई म्हणायच्या, "आधी बोलत नव्हते तेच बरं होतं. जेवण तरी गरम असायचं."

निकाल लागला तो दुसऱ्या वर्गात. मामंजी स्वतः पेढे घेऊन गल्लीत घरोघर गेले. समोरच्या घरी त्यांना कुणी विचारलं, कुणाचा निकाल? मामंजी म्हणाले, "आमचा. पेपर जरा कठीण काढले होते, पण पास झालो."